फिलोमीनची रेडिओवरची पिल्लं

फिलोमीन दक्षिणेतल्या क्षयाच्या दवाखान्यातून बरी होऊन आली, त्या दिवशी धक्क्यावर तिला आणायला मी एकटीच गेले होते. एरवी आमच्याकडे विमान पाण्यावर उतरलं की निम्मी वस्ती गोळा होते. कुणाची पिठाची पोती, कुणाचा पाहुणा, काही नसलं तरी नुसतं बघायला. त्या दिवशी धक्का रिकामा होता. तिला जे सांगायचं होतं ते सांगायला कुणालाच यायचं नव्हतं.

ती विमानातून उतरली. कोट खुंटीवर अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. माझ्या मागं तिनं दोनदा बघितलं.

"नोरीन कुठाय? आई तिला का नाही घेऊन आली?"

ही माझी मावसबहीण. माझ्याहून थोडी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. नवरा आल्फॉन्स लांबच्या खाणीत कामाला गेला आणि तिकडचाच झाला. नोरीन ही एकुलती पोर, तेव्हा सहा वर्षांची. आदल्या उन्हाळ्यात फिलोमीनला रक्ताची उलटी झाली आणि तिला विमानात घालून नेलं, तेव्हा पोरीला तिनं आईकडं ठेवलं होतं.

"ताई, मावशी गेली," मी म्हणाले. "थंडीत. लाकडं फोडता फोडता बसली ती उठलीच नाही."

तिनं माझा हात धरला. "आणि नोरीन?"

"नर्सबाईंकडून आम्ही निरोप धाडला होता. तुला मिळाला नाही का?"

"एडना, नोरीन?"

मग मी सांगितलं. मावशीला पुरलं आणि आठवड्याच्या आत मुलांच्या खात्याची बाई विमानानं आली. मी म्हटलं, मी मावशी आहे पोरीची, माझ्याकडं राहील. तिनं माझ्या घरात डोकावून खोल्या बघितल्या, माणसं बघितली, आणि म्हणाली, जागा नाही. पोरीला कोट घातला आणि घेऊन गेली. नोरीन रडली नाही. तिला वाटलं, आईकडं चाललोय. विमानात बसायला मिळालं म्हणून खुशीत होती.

फिलोमीननं सगळं उभ्या उभ्या ऐकलं. घरी गेली, शेगडी पेटवली, जमीन झाडली, पोरीचं अंथरूण बाहेर उन्हात टाकलं. मग माझ्या दारात येऊन म्हणाली, "नाव काढ, तळ्यापलीकडं जायचंय."

तळ्याच्या पलीकडच्या काठाला टॅमरॅक नावाचं गाव आहे. गोऱ्यांचं गाव, रेल्वेचं ठाणं, एक हॉटेल आणि सरकारी कचेऱ्या. आम्ही दुपारी पोचलो. कचेरीतली बाई, मिस पेंडल्टन, वाईट नव्हती. तिनं खुर्च्या दिल्या. फिलोमीनला इंग्रजी जेमतेम यायचं, म्हणून बोलणं माझ्या तोंडून.

"मुलगी चांगल्या घरात आहे," मिस पेंडल्टन म्हणाली. "स्वतःची खोली आहे. दूध आहे. तुमच्या बहिणीचा आजार पुन्हा उलटणार नाही हे कोण सांगणार? घरात पुरुष नाही, मिळकत नाही."

"पोरीला एकदा बघू दे म्हणावं," फिलोमीन मला म्हणाली.

"आत्ता कुठं मूल रुळतंय. आईला बघून पुन्हा बिघडेल. तुम्हीच विचार करा."

मी तसंच्या तसं सांगितलं. फिलोमीन म्हणाली, "हिला विचार, हिला आई आहे का?"

ते मात्र मी इंग्रजीत केलं नाही. पत्ता द्यायचा नियम नाही, मिस पेंडल्टन म्हणाली. फिलोमीन खुर्चीवरून उठेना, तेव्हा पोलिसाला बोलवावं लागेल असं अगदी हळू आवाजात, मायेनं सांगितलं.

पत्ता आम्हाला हॉटेलच्या मागच्या दारी मिळाला. माझी नणंद बर्नाडेट तिथं चादरी धुवायला होती. तिची जीभ म्हणजे कात्री, पण गावातली एकही गोष्ट तिच्यापासून लपत नसे.

"कचेरीत कशाला गेलात? आधी माझ्याकडं यायचं," ती म्हणाली. "पाण्याच्या टाकीखालचं पिवळं घर. व्हिटकोम म्हणून आहेत. नवरा रेल्वेत. मूलबाळ नाही. पोरीचे केस कापलेत आणि कॅरन नाव ठेवलंय."

"बोलते का ती?" फिलोमीननं विचारलं.

बर्नाडेटनं हातातली चादर खाली ठेवली. "नाही. कुणाशीच नाही. ती बाई दुकानात सांगत होती, पोरगी मुकी आहे की काय म्हणून. खातही नाही धड. आणि अजून एक ऐक फिलोमीन. उन्हाळा संपला की त्याची बदली आहे. अमेरिकेत, लांब पूर्वेला. जाताना पोरीला कायमची दत्तक घेऊन जाणार."

आम्ही पिवळ्या घरावरून गेलो. पडदे ओढलेले होते. फिलोमीन कुंपणाशी थांबली तेव्हा शेजारचा माणूस ओसरीवर येऊन आमच्याकडं बघत उभा राहिला. मी तिला ओढत नावेपर्यंत आणली. सबंध तळं ओलांडेपर्यंत ती नावेतलं पाणी उपसत होती. नावेत पाणी नव्हतंच.

त्या काळात मी वस्तीच्या रेडिओवर काम करायचे. दुकानामागं एक खोली, एक यंत्र, एक मायक्रोफोन. 'आयझॅक, जाळी विसरलास, बायको चिडलीय' असले निरोप, थोडी गाणी, आणि संध्याकाळी बिंगो, आकडे पुकारत खेळायचा पैशांचा खेळ. जंगलात आमचा आवाज फार लांब जात नसे, पण पाण्यावरून तो टॅमरॅकपर्यंत स्वच्छ पोचायचा. हॉटेलच्या धुलाईघरात बर्नाडेट रोज बिंगो ऐकत असे.

फिलोमीन तिसऱ्या दिवशी रेडिओच्या खोलीत आली. "मी बोलले तर तिला ऐकू जाईल?"

"त्या घरात रेडिओ असला तर. लावला तर. आमचाच लावला तर."

"मी गोष्ट सांगते. माझा आवाज ती ओळखेल."

आता फिलोमीन गोष्ट सांगते म्हणजे काय, हे आमच्याकडच्या पोरांना विचारावं. बर्फ पडला की तिच्या घरी पोरं दाटीवाटीनं बसायची. लून या आमच्या तळ्यावरच्या पाणपक्ष्याच्या गोष्टी तर तिच्याकडूनच ऐकाव्यात. लूनला गळ्यात पांढरी माळ कशी मिळाली, त्याचे डोळे लाल का झाले, त्याला जमिनीवर का चालता येत नाही. हाताची ओंजळ तोंडाशी धरून ती लूनसारखी हाक द्यायची, तेव्हा लहान पोरं आईच्या पाठीआड जायची. पण त्या गोष्टी हिवाळ्याच्या. बर्फ पडल्यावर, लून दक्षिणेला गेल्यावरच सांगायच्या. उन्हाळ्यात सगळे जीव जागे असतात, कान देऊन ऐकतात, आणि ज्याची गोष्ट त्याच्यासमोर सांगणं म्हणजे संकटाला आवतण. सांगणाऱ्याच्या अंथरुणात साप-बेडूक येतात म्हणतात. हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं.

रेडिओच्या समितीवर मोझेस आजोबा होते. त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नसे. फिलोमीन त्यांच्या दारी गेली, मीही गेले. ते जाळं शिवत बसले होते.

"नाही," ते म्हणाले. "तो बघ, समोर पोहतोय. त्याच्या तोंडावर त्याची गोष्ट सांगणार?"

"आजोबा, बर्फ पडेपर्यंत माझी पोर अमेरिकेत असेल."

"मला कळतंय."

"काय कळतंय तुम्हाला? साप येऊ दे माझ्या अंथरुणात. बेडूक येऊ देत. माझ्यावर काय यायचं राहिलंय अजून?"

"तुझ्यावर आलं तर तू सोसशील," म्हातारा म्हणाला. "पोरीवर आलं तर?"

फिलोमीन मटकन खाली बसली. दवाखान्यातून आल्यापासून ती रडली नव्हती. आता तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी रडली. मोझेस आजोबा जाळं शिवत राहिले. सुई दोनदा चुकली.

मग ते म्हणाले, "जुन्या गोष्टी सांगायच्या नाहीत. पण डोळ्यांनी बघितलेलं सांगायला कधी कुणी बंदी घातलीय? तुझ्या घरासमोर यंदा लूनचं घरटं आहे. रोज बघ. बघितलं ते सांग. त्यात तुझ्या पदरचं काही घालू नकोस. एक अक्षर नाही."

"आणि बिंगो?" मी विचारलं. वेळ तीच होती.

"बिंगो अर्धा तास उशिरा," आजोबा म्हणाले, आणि मग मला, "बायका तुला शिव्या देतील. ऐकून घे."

बायकांनी दिल्याच. पण पहिल्या दोन दिवसांतच गप्प झाल्या.

फिलोमीन पहाटेपासून काठावरच्या खडकावर बसायची. संध्याकाळी येऊन सांगायची. "नोरीन, ऐक," अशीच सुरुवात. "घरासमोरच्या बेटाच्या कडेला घरटं आहे, पाण्याला अगदी लागून, कारण त्यांना चालता येत नाही ना, पोटावर घसटत जातात. दोन अंडी आहेत. आज बाप बसलाय अंड्यांवर. त्याला डास चावतायत. डोक्यावर काळे काळे बसलेत, तो हलत नाही. आई मासे धरायला गेलीय."

दुसऱ्या दिवशी ऊन. तिसऱ्या दिवशी शिकाऱ्यांची मोटरबोट जवळून गेली, लाटेनं घरटं भिजलं, ते दोघांनी गवत ओढून ओढून पुन्हा उंच केलं. मग एक अंडं फुटलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. पिल्लं धुरकट रंगाची, काजळीच्या गोळ्यासारखी, आणि जन्मली त्याच दिवशी आईच्या पाठीवर चढून बसली. "एक चढतं, एक घसरतं," फिलोमीन सांगायची. "घसरतं ते धाकटं. पुन्हा चढतं. पुन्हा घसरतं. आईनं शेवटी पंख खाली केला, त्याला शिडीसारखा."

वस्तीतली पोरं रेडिओला चिकटून बसू लागली. जाळ्यांवरून परतणारे पुरुष धक्क्यावर मला विचारायचे, "धाकटं चढलं का?" आणि आम्ही दोघी वाट बघत होतो ती बर्नाडेटच्या निरोपाची.

तो निरोप ती शनिवारी स्वतःच घेऊन आली. फिलोमीनच्या घरात शिरली, चहाही न घेता म्हणाली, "ऐकते."

"काय ऐकते?"

"तुझी पोर. ती बाई हॉटेलात आली होती, मला म्हणाली, तुमच्या भाषेत संध्याकाळी कुणीतरी बाई बोलते, ती कोण? आमची कॅरन रेडिओचं बटण फिरवत होती, ते तिथं लागलं आणि तिनं हातच काढला नाही. रोज स्टूल घेऊन बसते. तेवढा वेळ जेवते म्हणे. म्हणून बाई रोज लावते."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, हवामानाच्या बातम्या आहेत." बर्नाडेटनं नाक ओढलं. "मी काय मूर्ख आहे खरं सांगायला?"

त्या आठवड्यात फिलोमीन दोन घास जास्त जेवली. आम्हा सगळ्यांनाच वाटलं, आता काहीतरी होईल. काय होईल, हे कुणालाच माहीत नव्हतं. मिस पेंडल्टनकडं ती आणखी दोनदा जाऊन आली. दुसऱ्यांदा दारच उघडलं नाही.

जुलै संपत आला तेव्हा एका दुपारी फिलोमीन रेडिओच्या खोलीत आली आणि दारातच उभी राहिली.

"गरुडानं धाकटं नेलं," ती म्हणाली.

मी तिच्यासाठी खुर्ची पुढं सरकवली.

"आई बुडी मारून खाली गेली होती, माशासाठी. वर आली तर नव्हतं. एडना, मी कसं सांगू हे तिला?"

"नको सांगू. म्हण दोघं मजेत आहेत. कुणाला कळणार आहे?"

"आजोबांना शब्द दिलाय."

"आजोबा काय त्या बेटावर बसलेत बघायला?"

तिनं मान हलवली. "आज खोटं सांगितलं तर आधीचं सगळं खोटं होईल. मग मी तिला सांगितलं काय एवढे दिवस?"

ती मायक्रोफोनसमोर बसली. सगळं सांगितलं, पदरचं एक अक्षर न घालता. गरुड कुठल्या बाजूनं आला. बाप पाण्यावर उभा राहून पंख कसे आपटत होता. मोठं पिल्लू लव्हाळ्यात कसं लपलं. आणि आईनं हाक मारायला सुरुवात केली ती अजून थांबवली नाही. "अजून मारतेय, नोरीन. मी इकडं आले तेव्हा मारतच होती. तिला माहीत नाही तो कुठं घेऊन गेला. माहीत असतं तर गेली असती." इथं तिचा आवाज गेला. मी गाणं लावायला गेले, पण ती हातानं नको म्हणाली, आणि तशीच बसून राहिली. तळ्याच्या दोन्ही काठांना तिचा नुसता श्वास ऐकू जात होता.

त्या दिवशी बिंगो झाला नाही.

दोन दिवसांनी टॅमरॅकची भाड्याची नाव आमच्या धक्क्याला लागली. त्यातून एक गोरी बाई उतरली. चाळिशीची, डोक्याला रुमाल, हातमोजे. तिनं कुणालातरी काहीतरी विचारलं आणि पोरं तिला सरळ फिलोमीनच्या खडकावर घेऊन आली. मी तिथंच होते.

"मी मिसेस व्हिटकोम," ती म्हणाली. "रेडिओवर बोलणाऱ्या बाई तुम्हीच का?"

मी फिलोमीनला सांगितलं. फिलोमीन उठून उभी राहिली. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

"परवापासून ती झोपत नाही," मिसेस व्हिटकोम म्हणाली. "आमच्याकडं आल्यापासून पहिल्यांदा ती बोलली. एकच शब्द, तोच तोच. मी हॉटेलातल्या त्या बाईला खडसावून विचारलं, तेव्हा तिनं अर्थ सांगितला." तिनं हातमोजा काढला, पुन्हा घातला. "मला सांगितलं होतं, तिला आई नाही."

"मी आहे," फिलोमीन इंग्रजीत म्हणाली. तेवढं तिला येत होतं.

"ते दिसतंय मला." बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे बघा, मी तिला मारत नाही. मी तिच्यासाठी सगळं करते. नऊ वर्षं वाट बघितली मी मुलासाठी. तुम्ही हे बंद करा. तुमच्या आवाजानं ती फाटतेय, तुम्हाला कळत नाही का?"

मी सांगितलं. फिलोमीन म्हणाली, "तिला सांग, पोर घेऊन ये. एकदा. मी काही मागणार नाही. हात लावते आणि देते परत."

मिसेस व्हिटकोमनं ऐकलं. "तुम्ही परत द्याल?"

"देईन."

"मी तुमच्या जागी असते तर दिली नसती," ती म्हणाली, आणि वळली. उतारावर तिचा पाय घसरला तेव्हा फिलोमीननंच पुढं होऊन तिचा दंड धरला. धक्क्यापर्यंत तसाच धरून नेला. निघताना मिसेस व्हिटकोम म्हणाली, "मी विचार करते." तिचं तोंड असं झालं होतं की माझाही विश्वास बसला.

त्या संध्याकाळी फिलोमीन म्हणाली, आज पुढचं सांगून टाकते, आधीच्या वर्षांत बघितलेलं. "नोरीन, ऐक. थंडी आली की आईबाप आधी जातात. पिल्लू मागं राहतं, एकटं. त्याला कुणी रस्ता दाखवत नाही. ते पाण्यावर धावून धावून उडायला शिकतं. काठाला बर्फ धरायला लागतो आणि एक दिवस ते उडतं. त्याला कसं कळतं कुठं जायचं, हे मला माहीत नाही. मी फक्त ते जाताना बघितलंय."

विचार करायला मिसेस व्हिटकोमनं चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी बर्नाडेटचा निरोप आला. पिवळं घर रिकामं होतं. नवरा बदलीला मागून जाणार होता, बायको आणि पोर सकाळच्या गाडीनं गेल्या.

फिलोमीन एकटीच नाव घेऊन निघाली. वारा उलटा होता, मी दुसऱ्यांची नाव मागून तिच्या मागं गेले तोवर ती पोचली होती. त्या घराचं मागचं दार तिनं खांद्यानं उघडलं होतं. स्वयंपाकघरात सामान नव्हतं. रेडिओ असायचा त्या फळीखाली एक स्टूल राहिलं होतं. ती त्याच्यापाशी जमिनीवर बसली होती, गाल स्टुलाला लावून. पोलीस आला. तरुण होता, काय करावं हे त्याला समजेना. शेवटी तो आणि मी मिळून तिला उचलून नावेत ठेवली.

ती हिवाळाभर बोललीच नाही म्हटलं तरी चालेल. बर्फ पडला, पोरं तिच्या दारात येऊन उभी राहिली, तिनं त्यांना बॅनकची जाड भाकरी आणि चहा दिला आणि परत पाठवलं. पुढच्या हिवाळ्यातही तसंच. दवाखान्यातली नर्स म्हणायची, फुप्फुस स्वच्छ आहे. मोझेस आजोबा गेले. रेडिओला मोठं यंत्र आलं. मिस पेंडल्टनच्या जागी एक पुरुष आला, मग दुसरी बाई. फिलोमीन प्रत्येकाकडं जायची. प्रत्येकानं सांगितलं, दत्तकाचे कागद बंद असतात.

नोरीन आली तेव्हा ती तिशीला टेकली होती. टॅमरॅकहून पक्का रस्ता झाला होता तोवर, भाड्याच्या गाडीनं आली. उंच, आखूड केस, महागडे बूट. मिसेस व्हिटकोम कॅन्सरनं गेली होती आणि शेवटच्या दिवसांत तिनं एका खडकाची आणि एका बाईची गोष्ट सांगितली होती. तेवढ्यावरून पोरीनं वस्ती शोधून काढली.

पुन्हा मीच मध्ये. नोरीनला आमच्या भाषेतला शब्दही येत नव्हता. रेडिओ आठवतो का, मी विचारलं. नाही म्हणाली. लून? नाही. स्टूल आठवत होतं, हिरवं. का आठवतं ते माहीत नव्हतं.

चहा पुढ्यात गार झाला. मग नोरीननं माझ्याकडं न बघता फिलोमीनलाच विचारलं, "मला दिलंत का तुम्ही?"

मी भाषांतर केलं. फिलोमीन माझ्याकडं बघायला लागली, मी चुकले की काय अशी.

"दिलं?" ती म्हणाली. "मी?"

मग तिनं सांगितलं. दवाखान्यापासून, धक्क्यापासून. मी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत करत गेले. मला इंग्रजी शब्द सापडेना की ती थांबायची, सापडला की पुढं. नोरीन भिंतीकडं बघत होती. मध्येच म्हणाली, "पुरे," आणि बाहेर जाऊन गाडीत बसली, दार लावून. आम्हाला वाटलं, गेली. दिवस मावळायच्या सुमारास परत आत आली आणि म्हणाली, "पुढं सांगा."

ती दोन दिवस राहिली. झोपायला टॅमरॅकच्या हॉटेलात जायची. फिलोमीननं मासा तळला, तिनं काटे काढता काढता निम्मा टाकला. मिठी वगैरे काही झालं नाही. निघताना नोरीननं हात पुढं केला, गोरे करतात तसा, आणि फिलोमीननं तो दोन्ही हातांत घेऊन उलटा-सुलटा करून बघितला. पुन्हा येणार का, हे मी विचारलं. नोरीन म्हणाली, मला माहीत नाही, खरंच माहीत नाही.

गाडी वळणाआड गेली. फिलोमीन दारात उभी होती. मला वाटलं, आता ही पुन्हा तशीच होणार, गप्प, कितीतरी वर्षं.

"तिचे पाय बघितलेस?" ती म्हणाली. "घरात बूट काढले तेव्हा? गार पडले होते. मोज्यांपुरती लोकर आहे का गं तुझ्याकडं?"

"आहे थोडी. राखाडी."

"चालेल. माप मात्र अंदाजानं घ्यावं लागेल," ती म्हणाली, आणि माझ्या आधी माझ्या घराकडं चालू लागली.